उंची, गळा आणि कॉलर यांच्या मापाने टाय कसा निवडावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीच्या लग्नातील स्वागतसमारंभासाठी दोघा भावांनी एकाच कापडाचे सूट शिवून घेतले आणि त्यांवर एकसारखे टाय घेतले. थोरला भाऊ ५ फूट ४ इंच उंच, गळा साडेसोळा इंच, थोडे पोट सुटलेले; धाकटा ६ फूट १ इंच, सडपातळ, गळा १५ इंच. दोघांनीही व्हिडिओ पाहून फुल विंडसर, म्हणजे दोन्ही बाजूंना वेढे घेऊन होणारी मोठी गाठ मारली. थोरल्याची गाठ एवढी रुंद झाली की कॉलरची टोके वर उचलली गेली, तर धाकट्याच्या टायचे टोक पट्ट्याच्या चार बोटे वर राहिले. कोणाला कोणती गाठ, किती रुंदीचा आणि किती लांबीचा टाय शोभेल, आणि चेहऱ्याच्या आकारावरून गाठ निवडावी असे जे सांगितले जाते ते कितपत खरे, असे त्यांनी विचारले आहे.

सूट बेतणे आणि टाय उसवून दुरुस्त करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. गाठ, रुंदी आणि लांबी या तीन गोष्टी वेगवेगळ्या निवडता येत नाहीत. टायची लांबी ठरलेली असते. त्यातली किती लांबी गाठ खाते यावर खाली किती उरते हे अवलंबून असते. आणि टाय टोकाकडून मानेकडे निमुळता होत गेलेला असल्यामुळे गाठ त्याच्या कोणत्या भागात पडते यावर तिची जाडी ठरते. म्हणून सुरुवात आरशापासून किंवा चेहऱ्यापासून न करता मापाच्या टेपपासून करावी.

ज्या शर्टावर आणि ज्या पँटवर टाय लावायचा आहे तो शर्ट आणि ती पँट घालावी, गळ्याचे बटण लावावे आणि टेपचे टोक मानेच्या मागे कॉलरच्या मधोमध धरावे. तिथून टेप कॉलरच्या दुमडीवरून पुढच्या बटणापर्यंत आणावा आणि तसाच खाली पट्ट्याच्या बक्कलाच्या मध्यापर्यंत सोडावा. पोट असेल तर टेप पोटावरूनच जाऊ द्यावा, ताणून सरळ धरू नये, कारण टायही पोटावरूनच जाणार आहे. या मापाला आपण ‘पडता’ म्हणू. टायचे रुंद टोक बक्कलाच्या मध्यापर्यंत आणि अरुंद टोक त्याच्या मागे साधारण तितकेच किंवा दोन-तीन इंच वर यावे, असे धरले तर लागणारी एकूण लांबी म्हणजे पडत्याची दुप्पट अधिक गाठीने खाल्लेली लांबी, वजा अरुंद टोक जितके वर ठेवायचे तितके इंच.

गाठ किती लांबी खाते हे कापडाच्या जाडीप्रमाणे बदलते. मध्यम जाडीच्या रेशमी टायमध्ये साधी फोर-इन-हँड गाठ सुमारे साडेसहा इंच घेते, हाफ विंडसर, म्हणजे एकाच बाजूला वेढा घेतलेली मध्यम गाठ, सुमारे साडेआठ आणि फुल विंडसर दहा-साडेदहा. स्वतःच्या टायचा आकडा काढायचा असेल तर गाठ मारून झाल्यावर मानेमागच्या मधल्या बिंदूवर टाचणी लावावी, रुंद आणि अरुंद अशी दोन्ही टोके तिथून गाठीवरून खालपर्यंत मोजावीत आणि ही बेरीज टायच्या एकूण लांबीतून वजा करावी. जो फरक येतो तो गाठीच्या पोटात गेलेला असतो.

आता दोघा भावांचे गणित मांडू. थोरल्याच्या गळ्याचे अर्धे माप सव्वाआठ इंच आणि बटणापासून बक्कलापर्यंत, पोटाचा उंचवटा धरून, सव्वासोळा इंच मानले, तर त्यांचा पडता साडेचोवीस इंच होतो. बाजारातला नेहमीचा टाय ५७ ते ५८ इंचांचा असतो. ५८ इंचांच्या टायची फोर-इन-हँड मारली आणि रुंद टोक बक्कलावर आणले, तर अरुंद टोकासाठी २७ इंच उरतात, म्हणजे ते रुंद टोकाच्या अडीच इंच खाली लोंबते. फुल विंडसर मारली की जादा चार इंच गाठीत जिरतात आणि लांबी जमते. ठेंगण्या माणसांना विंडसरचा मोह पडतो तो यामुळेच: लांबीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण त्याची किंमत गळ्याशी मोजावी लागते. धाकट्याचे गणित नेमके उलट आहे. अर्धा गळा साडेसात आणि खाली २० इंच धरले तर पडता साडेसत्तावीस इंच. ५८ इंचांच्या टायवर फुल विंडसर मारून टोक बक्कलावर आणायचे म्हटले, तर अरुंद टोकाला जेमतेम २० इंच मिळतात आणि ते रुंद टोकाच्या मागे शिवलेल्या लूपपर्यंतही नीट पोहोचत नाही. अरुंद टोक सवयीच्या जागी ठेवून गाठ सुरू केली, की तुटीचा सगळा भार रुंद टोकावर येतो आणि टाय चार बोटे वर राहतो. त्यांची गाठ मारण्यात काहीच चुकले नव्हते. त्या लांबीत ती गाठ बसतच नव्हती.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात टायच्या गाठींचे गणित मांडले आणि शक्य असलेल्या ८५ गाठी मोजल्या. त्यांनी चालींची, म्हणजे अर्ध्या वेढ्यांची, कमाल मर्यादा नऊ धरली, ती टायची लांबी मर्यादित असते म्हणूनच. त्यांच्या मोजणीत फोर-इन-हँडला चार चाली लागतात, प्रॅटला पाच, हाफ विंडसरला सहा आणि फुल विंडसरला आठ. या ८५ गाठींपैकी सामान्य माणसाला आयुष्यभर तीन पुरतात असे माझे मत आहे: फोर-इन-हँड, तिचाच एक वेढा जास्त घेतलेला प्रकार आणि हाफ विंडसर. प्रॅट ही गाठ टाय उलटा धरून सुरू करावी लागते. ती सममित बसते आणि लांबी बेताची घेते, त्यामुळे उंच माणसाने ती चौथी म्हणून शिकायला हरकत नाही.

एक वेढा जास्त घेतलेल्या फोर-इन-हँडबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण थोरल्या भावासारख्या बांध्याला तिचा मोठा उपयोग आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. साध्या फोर-इन-हँडमध्ये रुंद टोक अरुंद टोकाभोवती एकदा पूर्ण फिरवून गळ्याच्या फेऱ्यातून वर काढतात आणि पुढच्या पदरातून खाली ओवतात. इथे तेच रुंद टोक दोनदा फिरवून मग वर काढायचे. गाठ रुंद होत नाही, उभी थोडी लांबते आणि जवळपास अडीच इंच जादा जिरवते. थोरल्या भावाच्या ५८ इंचांच्या टायमध्ये या गाठीने दोन्ही टोके बरोबरीत येतात, अरुंद टोक मागे लपते आणि गळ्याशी अरुंद, उभट आकार मिळतो. जाड गळा आणि आखूड मान यांना हाच आकार हवा असतो.

आता निमुळतेपणाचा मुद्दा. टाय सुतळीसारखा एकसारख्या जाडीचा नसतो. टोकाशी सव्वातीन इंच असलेली रुंदी मानेपाशी निम्म्याहूनही कमी होते. उंच माणसाचा पडता मोठा, म्हणून त्याची गाठ टोकापासून दूर, अरुंद भागात पडते आणि लहान होते. ठेंगण्या माणसाची गाठ टोकाच्या जवळच्या, रुंद भागात पडते आणि जाड होते. म्हणजे एकाच दुकानातला एकच टाय, एकच गाठ मारूनही, ज्याला लहान गाठ हवी त्याला मोठी देतो आणि ज्याला भरीव हवी त्याला बारीक देतो. उंच माणसासाठी केवळ लांब टाय घेऊन भागत नाही, त्याची रुंदी वरपर्यंत टिकून राहील असा बेत असावा लागतो. आणि ठेंगण्या माणसाने थोडा अरुंद, पातळ अस्तराचा टाय घ्यावा, असे मी सांगतो ते याच कारणाने.

लांबीचा हिशेब जमला की कॉलरकडे वळावे. गाठीचे काम कॉलरच्या दोन पानांमधली त्रिकोणी जागा भरण्याचे आहे: बटण आणि कॉलरची पट्टी झाकली जावी, पण पाने वर उचलली जाऊ नयेत आणि त्यांची टोके शर्टाच्या छातीवर टेकलेली राहावीत. पाने एकमेकांच्या जवळ असलेल्या पॉइंट कॉलरमध्ये फोर-इन-हँडच बसते. मध्यम पसरलेल्या, म्हणजे सेमी-स्प्रेड कॉलरमध्ये फोर-इन-हँड आणि हाफ विंडसर दोन्ही चालतात. पाने पार मागे वळलेल्या कटअवे कॉलरमध्ये गाठ लहान असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना टायचा मानेभोवतीचा पट्टा उघडा पडतो, तिथे हाफ विंडसर किंवा जाड कापडाची गाठ लागते. फुल विंडसरला खरी जागा आहे ती फक्त रुंद पसरलेल्या कॉलरमध्ये, पातळ टाय असताना आणि माणूस रुंद खांद्यांचा, लांब मानेचा असताना. आपल्याकडे मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना सरसकट हीच गाठ शिकवली जाते. साडेचौदा इंच गळ्याच्या, सडसडीत मुलाच्या छोट्या कॉलरखाली ती गाठ पाहिली की मला वाईट वाटते, कारण त्या मुलाला दोन मिनिटांत साधी फोर-इन-हँड शिकवली असती तर तो कितीतरी नेटका दिसला असता.

गळ्याचे माप बरोबर नसेल तर यातले काहीच साधत नाही. बटण लावल्यावर कॉलर आणि मान यांच्यामध्ये एक-दोन बोटे सहज जावीत, त्याहून सैल कॉलर टायने आवळली की तिला चुण्या पडतात आणि गाठ खाली घसरते.

चेहऱ्याच्या आकाराचा नियम मी पूर्णपणे खोडून काढणार नाही, पण तो चेहऱ्याला थेट लागू होत नाही. चेहरा आणि गाठ यांच्यामध्ये कॉलर असते, आणि चेहऱ्याची भरपाई तिनेच करायची असते. गोल चेहरा आणि आखूड मान असेल तर कॉलरची उभी पट्टी कमी उंचीची आणि पाने थोडी लांब, खाली झुकणारी शिवून घ्यावीत. लांब चेहरा आणि उंच मान असेल तर पट्टी थोडी उंच आणि पाने पसरलेली घ्यावीत. एकदा कॉलर अशी निवडली की तिच्यात बसणारी गाठ आपोआप चेहऱ्याला शोभते. दाढीचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. हल्ली नवरदेवांपासून करवल्यांच्या भावांपर्यंत बहुतेक तरुण दाढी राखतात, आणि भरलेली दाढी चेहऱ्याच्या खालच्या भागाला वजन देते. तिच्याखाली अगदी बारीक गाठ हरवून जाते. धाकट्या भावाला दाढी असेल तर हाफ विंडसरच्या बाजूने हे आणखी एक कारण आहे.

रुंदीचा नियम सोपा आहे. टायची सर्वांत रुंद जागा आणि कोटाच्या लॅपलची, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पानाची, सर्वांत रुंद जागा यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असू नये. साडेतीन इंचांच्या लॅपलवर दोन इंचांचा टाय लावला की छाती उघडी पडल्यासारखी वाटते आणि टाय शाळेच्या गणवेशातून आल्यासारखा दिसतो. पण लॅपलसुद्धा छातीच्या मापानेच ठरायला हवी. ३६ इंच छातीला पावणेतीन ते तीन, ४० च्या आसपास तीन ते सव्वातीन, ४४ आणि पुढे साडेतीन इंच, हा माझा अंदाज आहे, आणि फॅशनच्या लाटा आल्या-गेल्या तरी या अंदाजाने शिवलेला सूट दहा वर्षांनी काढून घातला तरी विचित्र दिसत नाही. १९७० च्या दशकात चार-पाच इंचांचे टाय आले, नंतरच्या काळात दोन इंचांचे आले. दोन्हींचे फोटो पाहून त्यांचे साल लगेच ओळखता येते. सडपातळ आणि उंच माणसाने बारीक टाय घेऊ नये, कारण तो आधीच लांब असलेल्या शरीरावर आणखी एक लांब रेघ ओढतो. पोट असलेल्या माणसानेही घेऊ नये, कारण रुंद पृष्ठभागाच्या मधोमध अरुंद पट्टी आली की दोन्ही बाजूंचा विस्तार जास्त जाणवतो. विणलेला, सपाट टोकाचा निटेड टाय एवढा एकच या नियमाला अपवाद आहे. तो अडीच इंचांच्या आसपासच असतो, त्याला फोर-इन-हँडशिवाय दुसरी गाठ मारू नये.

टोक कुठे यावे याचे उत्तर पँट कुठे बसते त्यावर आहे. नाभीच्या जवळ बसणारी पँट आणि कंबरेच्या हाडावर बसणारी पँट यांत दोन-अडीच इंचांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने टायचे सगळे गणित बदलते. म्हणून ठेंगण्या माणसाने उंच पँट घातली की पाय लांब दिसतात, पण टाय जास्त होतो. उंच माणसाने खाली बसणारी पँट घातली की टाय कमी पडतो आणि शर्टाचा त्रिकोण दिसू लागतो. वेस्टकोट असेल तर हा प्रश्नच राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची थ्री-पीस सुटातील छायाचित्रे पाहावीत: टाय वेस्टकोटच्या आत जातो, टोक दिसत नाही, आणि पाहणाऱ्याची नजर गाठ, कॉलर आणि चेहरा यांवरच राहते. स्वागतसमारंभात तीन-चार तास उभे राहायचे असेल, तर थोरल्या भावाने वेस्टकोटचा विचार जरूर करावा. पोटावरून टाय उडत नाही, लांबीची काळजी राहत नाही आणि कोट उघडा ठेवला तरी बांधा एकसंध दिसतो.

कापडाबद्दल आता सांगतो, कारण अनेकदा गाठ बदलण्याऐवजी टाय बदलायला हवा असतो. ज्यांच्या नावाने विंडसर गाठ ओळखली जाते ते ड्यूक ऑफ विंडसर, म्हणजे १९३६ मध्ये राजत्याग केलेले आठवे एडवर्ड, स्वतः ती गाठ मारत नसत. ते जाड अस्तराचे टाय खास बनवून घेत आणि त्यांची साधी फोर-इन-हँड मारत. जाड अस्तरामुळे गाठ भरीव दिसे, आणि लोकांनी तो आकार साध्या टायमध्ये आणण्यासाठी वेढे वाढवले. धाकट्या भावाने हेच करावे. त्यांना गळ्याशी वजन हवे आहे, पण लांबी परवडत नाही. जाड रेशीम किंवा लोकरीच्या अस्तराचा टाय घेतला तर कमी वेढ्यांत तेच मिळते.

चांगला टाय उरेब कापलेला असतो, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याशी ४५ अंशांच्या कोनात, आणि तीन तुकडे जोडून शिवलेला असतो. ही पद्धत न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२० च्या दशकात रूढ केली. उरेब कापल्यामुळे टाय गाठीतून सोडल्यावर पुन्हा मूळ आकारावर येतो. दुकानात अरुंद टोक चिमटीत धरून टाय मोकळा सोडावा; तो स्वतःभोवती पिळत गेला तर उरेब कापणी चुकली आहे, असा टाय कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. लग्नसराईत पैठणीच्या काठाचे टाय मिळतात, वधूच्या शालूशी जुळणारे म्हणून ते घेतलेही जातात. काठ अरुंद असल्यामुळे ते कापड उरेब कापता येत नाही, आणि जरीमुळे ते ताठ असते. अशा टायला फोर-इन-हँडच मारावी, ती एकदाच आणि सैल हाताने मारावी, आणि दोन-तीन तासांनंतर उलट क्रमाने हळूच सोडावी. ओढून काढला तर जर तुटते आणि गाठीच्या जागी कायमची घडी पडते.

टाय लांब असेल तर तो आखूड करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असते. कधीही टोक कापून घेऊ नये. मागचा लांब टाका उसवून, मानेमागे येणाऱ्या मधल्या तुकड्यातून हवे तेवढे इंच काढून, तिरपाच जोड देऊन पुन्हा शिवतात. जोड कॉलरखाली जातो आणि दोन्ही टोकांचा आकार तसाच राहतो. थोरल्या भावाचा टाय असा तीन इंच कमी करून ५५ इंचांवर आणला, तर साध्या फोर-इन-हँडमध्ये रुंद टोक बक्कलावर येईल आणि अरुंद टोक अर्धा इंच वर राहील. रुंदीही कमी करता येते, पण त्यासाठी अस्तरही नव्याने कापावे लागते. हे काम कोट शिवणाऱ्याकडेच द्यावे, साड्यांना फॉल लावणाऱ्याकडे नव्हे. आखूड टाय मात्र लांब करता येत नाही. धाकट्या भावाने ६१ ते ६३ इंचांचा, एक्स्ट्रा लाँग म्हणून मिळणारा टाय घ्यावा. ६२ इंचांमध्ये हाफ विंडसर मारून अरुंद टोक दीड इंच वर राहते. तोपर्यंत आहे तोच टाय वापरायचा असेल तर फोर-इन-हँड मारावी, अरुंद टोक साडेतीन इंच वर राहील, ते लूपमध्ये अडकेल आणि बाहेरून काही कळणार नाही.

दोघांनी टाय एकाच रंगाचे ठेवावेत, पण बेत वेगळे घ्यावेत: थोरल्याने तीन इंच रुंद, पातळ अस्तराचा, बारीक नक्षीचा, धाकट्याने सव्वातीन इंच रुंद आणि भरीव कापडाचा. गाठ वर सरकवण्याआधी रुंद पदराच्या मध्यावर तर्जनीने दाबून दोन्ही बाजू अंगठा आणि मधल्या बोटाने आत घ्याव्यात आणि तसेच धरून गाठ आवळावी, म्हणजे गाठीखाली एक खळी पडते आणि टाय छातीवर सपाट न पडता किंचित उठावाने राहतो. हा सराव समारंभाच्या दिवशीचाच शर्ट, पँट आणि पट्टा घालून आधीच्या आठवड्यात करावा, आणि टायवर अरुंद टोक जिथून सुरू करायचे ती जागा आतल्या बाजूने एका धाग्याने खुणेसाठी टाचून ठेवावी. लग्नघरात आरसा मोकळा मिळत नाही, पण ती खूण बोटाला लागली की टाय पहिल्याच प्रयत्नात मापावर बसतो.